चौसष्ट घरांची संख्या : तिचे लेखन व तिची घडण

बुद्धिबळाच्या पटावरील पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे दुप्पट करीत गेल्यास चौसष्ट घरांतील दाण्यांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ इतकी होते. इ. स. १००० च्या सुमारास अल्-बिरूनीने आपल्या कालगणनाविषयक ग्रंथात ती दिलेली आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (इ. स. ११५०) स्थाननामांची मालिका परार्धापाशी, म्हणजे एकावर सतरा शून्यांपाशी, संपते. त्या परिभाषेत ही संख्या १८४ परार्धांहून अधिक भरते.

परंतु संख्येचे नाव अथवा अंकलेखन मुख्यत्वे तिचे परिमाण सांगते. तिच्या घडणीविषयी त्यावरून फारच थोडे कळते. शेवटचा अंक ५ असल्याने ५ ने, आणि अंकांची बेरीज ८७ असल्याने ३ ने ही संख्या विभाज्य आहे, एवढे सहज दिसते. याहून पुढे जावयाचे तर ती निराळ्या रीतीने लिहावी लागते.

प्रस्तुत संख्या २ च्या ६४ व्या घाताहून एकाने कमी आहे. वर्गांतराच्या सूत्रानुसार तिचे दोन अवयव पडतात : २ चा ३२ वा घात अधिक एक, आणि तोच घात उणे एक. या दुसऱ्या अवयवास तेच सूत्र पुनःपुन्हा लाविले असता अखेरीस ३, ५, १७, २५७, ६५,५३७ व ४,२९,४९,६७,२९७ असे एकंदर सहा अवयव हाती येतात.

या मालिकेतील प्रत्येक संख्या मूळ संख्या असावी, असे मत सतराव्या शतकात फेर्मा या फ्रेंच गणितज्ञाने मांडले होते. पहिल्या पाचांविषयी ते खरे आहे. सहावी संख्या मात्र ६४१ व ६७,००,४१७ यांचा गुणाकार आहे, हे ऑयलरने १७३२ मध्ये दाखविले. याची एक सुटसुटीत सिद्धता अशी : ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, तसेच ६२५ + १६. म्हणून ६४१ ने भागिले असता ५ × १२८ ची बाकी उणे एक, व त्याच्या चौथ्या घाताची बाकी एक येते. हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. त्यातील ६२५ च्या जागी उणे १६ घेतल्यास तो उणे २ चा ३२ वा घात होतो. त्याची बाकी एक. अर्थात २ चा ३२ वा घात अधिक एक यास ६४१ ने निःशेष भाग जातो.

अशा रीतीने मूळ संख्येचे सात भिन्न मूळ अवयव ठरतात. प्रत्येक अवयव एकदाच येत असल्याने तिचे एकूण विभाजक १२८ होत. फेर्माच्या मालिकेत पाचव्या पदापुढे एकही मूळ संख्या अद्याप आढळलेली नाही.

उदाहरणांवरून नियम बांधणाऱ्या कोणत्याही शास्त्राने, भाषाशास्त्रानेही, येथून बोध घ्यावा. पाच उदाहरणांनी दृढ केलेला नियम सहाव्या उदाहरणात मोडला. अल्-बिरूनीने लिहून ठेविलेल्या वीस अंकांत ६४१ हा अवयव सातशेहून अधिक वर्षे होताच. अंकांवरून मात्र तो दिसत नव्हता.