कानांची खतावणी

श्रवणतपासणीचा कागद दिसायला तोट्यातल्या कंपनीच्या आलेखासारखा असतो. आडव्या रेषेवर २५० हर्ट्झच्या खर्जापासून ८,००० हर्ट्झच्या टिपेपर्यंतचे सूर, उभ्या रेषेवर डेसिबल. उजव्या कानासाठी तांबडे गोल, डाव्यासाठी निळ्या फुल्या. रेघ जितकी खाली, तितके ऐकू कमी. डॉक्टर तो पाहतात, यंत्र लिहून देतात, कागद फाइलीत जातो आणि तिथेच राहतो.

उभा जन्म बँकेत गेल्यामुळे की काय, मला या फायली पाहून व्हाउचरांचे गठ्ठे आठवतात. सुटे व्हाउचर म्हणजे एका माणसाचा एक व्यवहार. ते खतावणीत चढले, बेरजा लागल्या, म्हणजे शाखा कुठे चालली आहे ते कळते. कानांच्या बाबतीत व्हाउचरे ढिगाने आहेत, खतावणीच नाही.

ती मांडण्याचा प्रयत्न इंग्लंडमध्ये चालू आहे. तिथल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने १९४८ साली, स्थापनेच्या वर्षीच, श्रवणयंत्रे मोफत द्यायला सुरुवात केली. तेव्हा नोंदींचा तोटा नाही. २०१४च्या सुमारास लंडन, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील मोठ्या रुग्णालयांनी, उपचार करताना आपोआप जमा होणारी माहिती संशोधनासाठी एकत्र आणण्याचे काम अंगावर घेतले. पुढे त्यात कानांचाही विषय आला. रुग्णाला नव्याने बोलवायचे नाही, सुई टोचायची नाही. असलेल्या नोंदींतून नाव-पत्ता वगळायचा आणि त्या जुळवायच्या.

ऐकायला सोपे वाटते. पण रक्तदाब म्हणजे दोन आकडे. कानाचा म्हणजे अख्खा आलेख. तो श्रवणविभागाच्या संगणकात, शस्त्रक्रियेची हकीकत कान-नाक-घसा विभागात, औषधांची यादी तिसरीकडे. ताळा जमवायला बसलेल्या कारकुनालाच हे दुःख कळेल.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर आपल्या मुंबईतही सापडते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर अनेक वर्षे कानामायसिनची इंजेक्शने महिनोन् महिने दिली जात. जंतूंबरोबर ते औषध अंतर्कर्णातल्या केसांसारख्या नाजूक पेशीही मारते, आणि त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. आधी वरचे सूर जातात, म्हणून रोग्याला पत्ता लागत नाही. समोरच्याचे बोलणे अंधूक होऊ लागते, तेव्हा उशीर झालेला असतो. जीव वाचला, कान गेला, असा हा सौदा. जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध दीर्घ उपचारांतून वगळण्याची शिफारस केली ती २०१८ मध्ये. क्षयाची फाइल आणि कानाची फाइल शेजारी ठेवली, तर कोणत्या वयाला, किती मात्रेनंतर रेघ घसरू लागते, ते दिसते. फायली दोन खात्यांत असल्या की दिसत नाही.

खतावणीतही एक खोट असतेच. जो बँकेत आलाच नाही, त्याचे खाते नसते. आजीला ऐकू येत नाही म्हणजे वय झाले, असे म्हणून आपण तिच्याशी दोन वर्षे ओरडून बोलतो आणि मग बोलणेच सोडतो. तिचा आलेख कुठल्याच रुग्णालयात नाही. नुसत्या नोंदींवर विसंबलेला संशोधक बहिरेपण दवाखान्यापर्यंत पोचणाऱ्यांनाच होते, असा हिशेब मांडून बसायचा.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. २०१३ मध्ये इंग्लंडच्याच आरोग्यसेवेने सर्व फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी एका जागी गोळा करण्याची योजना जाहीर केली. घरोघर पत्रके टाकली. जाहिरातींच्या कागदांबरोबर ती अनेकांच्या कचऱ्यात गेली. तशात रुग्णालयांच्या जुन्या नोंदी विमा-गणितज्ञांच्या एका संस्थेकडे गेल्याचे २०१४ च्या फेब्रुवारीत बाहेर आले. योजना थांबवावी लागली आणि २०१६ मध्ये गुंडाळली गेली. माझ्या मते यात आश्चर्य काही नाही. बँकेत रुजू होताना आम्ही गोपनीयतेच्या प्रतिज्ञेवर सही करत असू. खातेदाराची शिल्लक त्याच्या सख्ख्या भावालाही सांगायची नाही. ती शिस्त पैशाला लागू आणि शरीराला नाही, हे लोकांनी का मानावे?

तिथे २०१८ पासून ‘माझ्या नोंदी संशोधनाला वापरू नका’ असे कळवण्याची सोय झाली. आपल्याकडे २०२१ मध्ये डिजिटल आरोग्य मोहीम देशभर सुरू झाली, आणि २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने संशोधनाला काही अटींवर सूट ठेवली आहे. सूट हवीच, दर आलेखामागे सही मागत बसले तर हे काम उभेच राहणार नाही. माझा कागद न्यायला माझी हरकत नाही. फक्त बँकेसारखे एक पासबुक मिळावे. कोणी पाहिला आणि कशासाठी पाहिला, एवढे दोन रकाने त्यात पुरेत.