एकाच रकान्याचा हिशेब

१९८८ साली बँकेने माझी बदली वाशीमला केली. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९८ च्या जुलैत. लग्नाला तीन वर्षे झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. स्वयंपाकघरातल्या 'कालनिर्णय'वर ही दर महिन्याला पेन्सिलीने एक बारीक फुली करी. दूध, गॅस आणि फुली, तिन्ही नोंदी एकाच पानावर.

हिशेब मी माझ्याकडे घेतला. फुलीपासून चौदावा दिवस मोजायचा, एवढे कुठेतरी वाचले होते. दोन वर्षे मोजत राहिलो. आईने बालाजीला नवस केला. शेजारच्या बाया डोहाळजेवणाला हिला बोलावीनाशा झाल्या.

चूक मोजणीच्या दिशेत होती. बीज सुटते ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी, हे जपानच्या डॉ. ओगिनोंनी १९२४ सालीच मांडले होते. हिची पाळी चौतीस दिवसांची. म्हणजे विसाव्या दिवसाच्या आसपास. मनुस्मृतीचा ऋतुकाळ सोळा रात्रींचा, तोही हिच्याबाबतीत आधीच संपत होता!

सुटलेले बीज जेमतेम एक दिवस टिकते, शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत. म्हणून बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, एवढेच दिवस कामाचे. पहाटेचे तापमान किंचित चढते, पण ते बीज सुटून गेल्यावर. अंगावरचे पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे स्वच्छ, ताणले जाणारे झाले, की दिवस जवळ आले असे समजावे. आता औषधांच्या दुकानात लघवी तपासण्याच्या पट्ट्याही मिळतात. त्या एक-दीड दिवस आधी सूचना देतात.

शेवटी मीटरगेजच्या गाडीने आम्ही अकोल्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी तारखा पाहिल्या आणि मला विचारले, "तुमची तपासणी कुठे आहे?"

"माझी कशाला?" मी म्हणालो.

र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढले १९२७ साली. त्यानंतर साठ वर्षांनी बँकेचा एक शिकलेला अधिकारी वीर्य तपासायला लाजत होता. मी आठ महिने टाळाटाळ केली. जमा आणि नावे दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय ताळेबंद जुळत नाही, हे मी कारकुनांना रोज सांगत असे. घरी मात्र एकच रकाना तपासत होतो. अहवाल आला. उणीव माझ्याकडे होती.

मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण असते, एकटे किंवा जोडीला. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, किंवा बाईचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांत, डॉक्टर गाठावा, आणि दोघांनी. पुरुषाची तपासणी सोपी, स्वस्त. ती आधी व्हावी.

आम्हाला मूल झाले नाही. ते दुःख दोघांनी वाटून घेतले, जुने झाले. जुनी न झालेली गोष्ट वेगळीच आहे. तो अहवाल मी आईला कधी दाखवला नाही. सुनेत दोष आहे, हीच समजूत घेऊन ती गेली. हीही कधी बोलली नाही.

हा लेख परवा हिला वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "द्या छापायला."