नळी निघाल्यानंतर

प्रोस्टेटच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत ती संपूर्ण ग्रंथी आणि तिला लागून असलेल्या वीर्यकोशिका काढतात व मूत्राशयाचे तोंड थेट मूत्रमार्गाला शिवतात. वाशिम-कारंजाकडे 'प्रोस्टेटचं ऑपरेशन' म्हटले की बहुतेकांना आठवते ते दुर्बिणीचे, म्हणजे वाढलेली ग्रंथी आतून खरवडून लघवीची वाट मोकळी करणारे. त्यातून लवकर सावरलेल्या शेजाऱ्यावरून कर्करोगाच्या रुग्णाने अंदाज बांधला, तर तो फसतो.

लघवी रोखणाऱ्या झडपा दोन. मूत्राशयाच्या तोंडाची झडप आपोआप चालते. या शस्त्रक्रियेत तिचे काम बव्हंशी संपते आणि सगळा भार ग्रंथीखालच्या दुसऱ्या झडपेवर येतो. शस्त्रक्रियेत घातलेली लघवीची नळी साधारण एक-दोन आठवड्यांनी काढतात. त्यानंतर रात्रभर कोरडा राहिलेला माणूस बाजेवरून उठताना, खोकताना, पुढे सोयाबीनचे पोते उचलताना ओला होतो. दिवसभर राबलेला या झडपेचा स्नायू थकतो, म्हणून गळती संध्याकाळी जास्त. यावर पाणी तोडणे हा घरगुती उपाय वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तर उलटाच पडतो: घट्ट लघवी मूत्राशयाला डिवचते. उपयोग होतो तो व्यायामाचा. वारा रोखताना जो स्नायू आवळला जातो, तोच दिवसातून अनेकदा आवळायचा आणि सोडायचा. पोट, मांड्या सैल ठेवायच्या. नळी असेपर्यंत मात्र हे करू नये.

बहुतेकांची गळती वर्षभरात बरीच ओसरते. प्रोस्टेट-कर्करोगाच्या उपचारांची तुलना करणाऱ्या ब्रिटनमधील 'प्रोटेक्ट' चाचणीचे 2016 साली प्रसिद्ध झालेले आकडे याबाबत बोलके आहेत: शस्त्रक्रियेच्या गटातील 46 टक्के पुरुष सहा महिन्यांनंतर पॅड वापरत होते, सहा वर्षांनंतर 17 टक्के.

लिंगाच्या ताठरतेचे गणित वेगळे आणि अधिक संथ. त्यासाठीच्या नसांचे जुडगे ग्रंथीच्या दोन्ही अंगांना अगदी चिकटून जातात. त्या नेमक्या कुठे आहेत हे ओळखून त्या वाचवणारी शस्त्रक्रिया अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पॅट्रिक वॉल्श यांनी 1982 साली केली. त्याआधी ताठरता जाणे जवळजवळ गृहीतच होते. आजही गाठ एखाद्या बाजूच्या नसांपर्यंत पोचली असेल तर त्या नसा काढाव्याच लागतात. वाचवलेली नसही ओढाताणीने बधिर होते आणि जागी व्हायला दीड-दोन वर्षे घेऊ शकते. 'प्रोटेक्ट' चाचणीत संभोगापुरती ताठरता आधी 67 टक्क्यांना होती, सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटात 12 टक्क्यांना.

इच्छा, स्पर्शाची जाणीव आणि सुखाचा अत्युच्च क्षण सहसा टिकतात. वीर्य मात्र बाहेर येत नाही, त्यामुळे मूल हवे असल्यास शुक्राणू आधीच साठवावे लागतात. सिल्डेनाफिलसारखी गोळी नसा शाबूत असतील तरच चांगली चालते. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याने ती घेणे जिवावर बेतू शकते. गोळी लागू पडली नाही तर निर्वात पंप, इंजेक्शन, शेवटी लिंगातले रोपण. हे प्रश्न डॉक्टरांसमोर रुग्ण बायकोदेखत विचारत नाही, आणि बायकोही विचारत नाही. दोघांनी शस्त्रक्रियेआधीच एकत्र ऐकलेले बरे.

वर्षानंतरही गळती भरपूर राहिली, तर मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी किंवा कृत्रिम झडप बसवतात. झडपेचा छोटा पंप अंडकोषाच्या पिशवीत असतो. तो दाबला की मूत्रमार्गाभोवतीचे कडे सैल होते आणि काही मिनिटांत पुन्हा आपोआप भरते. असा माणूस पुढे दुसऱ्या आजारासाठी तालुक्याच्या दवाखान्यात दाखल झाला, तर लघवीची नळी घालण्याआधी झडप असल्याचे सांगावे लागते. झडप निष्क्रिय न करता नळी ढकलली, तर मूत्रमार्गाला इजा होऊ शकते.