उंबऱ्यावरची वसुली

मार्च महिना ग्रामपंचायतीत वसुलीचा. सिन्नर तालुक्यातल्या एका गावात अशा फेरीबरोबर मी हिंडलो. फेरीत माणसं दोनच. एक ग्रामसेवक. 2024 मध्ये त्या पदाचं नाव 'ग्रामपंचायत अधिकारी' करायचं ठरलं, पण गावाच्या तोंडी ते भाऊसाहेबच. दुसरा पाणीपुरवठा कर्मचारी. पहाटे नळ सोडायचे, पाणी शुद्ध करायला टाकीत टीसीएल पावडर टाकायची आणि ऊन चढलं की बिलं घेऊन दारोदार फिरायचं, ही सगळी कामं त्याचीच. काखेतल्या पिशवीत नमुना 9 ची मागणी नोंदवही, नमुना 10 चं पावतीपुस्तक आणि प्लॅस्टिकमध्ये घातलेला क्यूआर कोड.

"काकू, घरपट्टीचं काय करताय?"

"आधी ही गटार काढा, मग पैसे."

कर्मचारी वाद घालत नाही, बिल वाचतो. घरपट्टी 640, दिवाबत्ती 40, आरोग्य 40, विशेष पाणीपट्टी 1,200. मागची बाकी वेगळी.

"गटार यातल्या कशात आली?"

"आरोग्यात."

"म्हणजे चाळीस रुपयांत वर्षभर गटार काढणार तू?"

यावर भाऊसाहेबही हसले. काकूंनी आतून पैसे आणले ते फक्त पाणीपट्टीचे. बहुतेक दारांत हेच घडत होतं. पाण्याचा पैसा निघतो, कारण नळ तोडता येतो. दिव्याचा खांब कुणा एकाच्या दारापुरता विझवता येत नाही.

पुढच्या गल्लीत दुमजली बंगला लागला. नोंदवहीत मात्र तिथे अजून पत्र्याचं घर, तेही वारलेल्या आजोबांच्या नावावर. 2015 च्या शेवटी नियम बदलले आणि घरपट्टी भांडवली मूल्यावर आली. जागेचं आणि बांधकामाचं क्षेत्रफळ, रेडीरेकनरचा दर, घराच्या वयाप्रमाणे घसारा, राहतं घर की दुकान यावरून भारांक असा सगळा गुणाकार करायचा आणि येणाऱ्या मूल्यावर दर हजारी काही पैसे कर लावायचा. मातीच्या घराला कमी, आरसीसीला जास्त. आकारणी चार वर्षांतून एकदा. कागदावर हिशेब चोख आहे. अडचण टेप धरण्याची आहे. बंगला मोजायला जायचं तर तो सदस्याच्या चुलत्याचा निघतो. शासनाने दराची किमान-कमाल मर्यादा आखून दिली आहे, त्यातला नेमका दर पंचायतीने ठरवायचा. ज्यांच्याकडे उद्या मतं मागायची त्यांच्यावरच कर बसवायचा असल्यामुळे ठराव बहुधा किमान दराचाच होतो.

वरून निधी येतो, मग हे चारशे-सहाशे रुपये कशाला, असं पारावर एकाने विचारलं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. उरलेला 40 टक्के अबंधित म्हणायचा, पण त्यातूनही पगार करता येत नव्हता. पंचायतीच्या हातचा पैसा म्हणजे स्वउत्पन्न, आणि त्यात मोठा आधार घरपट्टीचा. या स्वउत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढायचे. राहिलेल्यातून कर्मचाऱ्यांचा पगार, दप्तराचा खर्च, मध्येच जळलेल्या मोटारीचं रिवाइंडिंग. शासन कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनातला काही हिस्सा देतं, पण त्यालाही वसुलीच्या टक्केवारीची अट लावली गेली. ती काढून टाका, ही संघटनांची जुनी मागणी. थोडक्यात, पिशवी घेऊन फिरणारा हा माणूस स्वतःच्याच पगारासाठी दारं वाजवत असतो.

कायद्यात दात आहेत. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 129 प्रमाणे आधी बिल, मग मागणी लेख, तरीही न भरल्यास जंगम मालमत्तेची जप्ती. पण शेजाऱ्याचा टीव्ही उचलून कोण आणणार? म्हणून लोकअदालतीची नोटीस काढतात. कोर्टाचं नाव वाचून काही जण तडजोडीला येतात. खरी वसुली होते ती गरज पडली की. कर्जासाठी किंवा वीजजोडणीसाठी घराचा उतारा हवा असला की बाकी मुकाट्याने भरली जाते. निवडणुकीच्या वर्षी तर इच्छुकांची रांगच लागते, कारण बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा कलम 14 प्रमाणे सदस्यत्वाला अपात्र ठरतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने उलटी वाट धरली: सगळा कर भरणाऱ्याला वर्षभर दळण मोफत. कर भरल्याचा फायदा तिथे पिठाच्या डब्यात दिसतो.

इतर गावांत तो दिसत नाही, आणि अडतं ते इथेच. 31 मार्चला पंचायत समितीकडे जाते ती वसुलीची टक्केवारी. पैसा कुठे गेला हे सांगणारा कागद दप्तरात असतो, उंबऱ्यापर्यंत येत नाही. त्या बिलाची मागची बाजू कोरी होती. गेल्या वर्षी किती जमले, पगाराला किती गेले, दिव्यांना किती, गटारीला किती, एवढ्या चार ओळी तिथे सहज मावतील. मी भाऊसाहेबांना तसं सुचवलं.

"छापू की," ते म्हणाले, "पण मग ग्रामसभा संध्याकाळपर्यंत संपायची नाही."

गणपूर्तीअभावी तहकूब होणाऱ्या ग्रामसभेसाठी हा सौदा वाईट नाही.