पापलेट, पट्टी आणि आत्याचा हिशेब

गेल्या भागात मी ओझरतं म्हणालो होतो की, आत्याच्या मासळीच्या धंद्यासाठी ऑर्डरचं ॲप मी लिहिलंय. आज त्याच ॲपमधली माझी एक चूक सांगतो.

आत्या पालघरच्या किनाऱ्यावर लिलावात मासळी घेते, चार बायका ती साफ करतात आणि संध्याकाळी टेम्पो मुंबईला निघतो. मी हौसेने ॲपमध्ये 'छोटे पापलेट, अख्खे तळायला' असा पर्याय टाकला. महिन्याभरात तोच सगळ्यात जास्त खपायला लागला. मी खूश! आत्याने यादी बघितली आणि थेट फोन केला, "अरे बाळा, ही पिल्लं आहेत. अंडी घालायच्या आधीच सगळी तळलीस, तर पुढं विकशील काय?"

मग मी नियम वाचले. (कोड लिहायच्या आधी वाचायला हवे होते, मान्य.) २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरवून दिलाय. पापलेट १३५ मिलिमीटर, बांगडा ११०, बोंबील १८०, सुरमई ३७०. त्याहून लहान मासा पकडायचा नाही, विकायचाही नाही. त्याच वर्षी पापलेट 'राज्य मासा' झाला.

आता गंमत बघा. सुरमईच्या तुकड्या केल्या की मासा केवढा होता, हे गिऱ्हाईकाला कळूच शकत नाही. म्हणजे तपासणी खरेदीच्या वेळीच हवी. आम्ही एका फळीवर खुणा करून ती लिलावाला न्यायला लागलो. ॲपमध्येही खरेदीच्या नोंदीत लांबी भरल्याशिवाय माल पुढे जात नाही.

पण खरा प्रश्न इथेच येतो. लिलावात आलेला मासा मेलेलाच असतो. मी नाही घेतला म्हणून तो पाण्यात परत जात नाही. प्रश्न जाळ्याचा आहे. डोल जाळं म्हणजे प्रवाहात रोवलेली लांबलचक पिशवी. बारीक आस, पाण्याबरोबर येईल ते आत. पापलेटच्या तरंगत्या जाळ्याचा आस मोठा असला, तर पिल्लं आरपार निघून जातात. पण मोठ्या आसात मासळी कमी लागते, आणि डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा तेवढाच राहतो. हा खर्च एकट्या नाखव्याने का सोसायचा? म्हणून आत्याने दोन बोटवाल्यांना शब्द दिला की, मोठ्या पापलेटला ती ठरलेला भाव देणार, लिलाव पडला तरी. गेल्या हंगामात यात तिचे पैसे गेले, हेही सांगतो.

राहिल्या चार बायका. जून-जुलैत मासेमारीबंदी. माझ्या ॲपवर नुसतं 'माल उपलब्ध नाही' दिसायचं, पण त्यांची मजुरी साफ केलेल्या किलोवर, म्हणजे दोन महिने शून्य. आता त्याच बायका उन्हाळ्यात वलांडीवर बोंबील सुकवतात, सोडे करतात, आणि पावसात ते निवडून, पाकिटं भरून विकतो. मजुरीही आता दिवसावर. किलोवर असताना हात कापला तरी कुणी थांबायचं नाही.

'छोटे पापलेट' मी काढून टाकलंय. लोक अजून ॲपवर तेच शोधतात. तिथे आता फळीचा फोटो दिसतो आणि खाली आत्याचा नंबर. शिव्या तीच खाते.