भिंतींची उलटतपासणी

चांगल्या काँक्रीटमधून ध्वनी सेकंदाला साधारण ४.५ किलोमीटर वेगाने धावतो. हवेतल्या वेगाच्या हे जवळजवळ तेरापट. खांबाच्या एका अंगाला एक प्रोब लावायचा, समोरच्या अंगाला दुसरा, आणि मधून अल्ट्रासॉनिक लहर सोडायची. ३० सेंटिमीटर जाडीचा धडधाकट खांब ती सुमारे ६७ मायक्रोसेकंदांत पार करते. आत तडा किंवा पोकळी असेल तर तिला वळसा पडतो आणि तोच आकडा १०० वर जातो. वरून कितीही रंग चढवलेला असो, सेकंदाच्या तीस-पस्तीस दशलक्षांश भागांच्या उशिरात खांबाचे गुपित फुटते.

छत्रपती संभाजीनगरात सिडकोतले जुने रो-हाऊस किंवा गारखेड्यातला वापरलेला फ्लॅट घेताना आपण पीआर कार्ड, भोगवटा प्रमाणपत्र, जुने खरेदीखत वकिलाला दाखवतो. बँकेचा मूल्यांकनकार येऊन किंमत ठरवून जातो; स्लॅबमधल्या सळ्या गंजल्यात का, हे पाहणे त्याचे काम नव्हे. ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचे, आणि त्यालाच बोलवायचे राहून जाते.

सळईला गंज का चढतो, ही गोष्टच विलक्षण आहे. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते, पीएच साडेबाराच्या आसपास. त्यात लोखंडावर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर तयार होतो. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरत राहतो, काँक्रीटमधल्या चुन्याशी संयोग पावतो आणि पीएच ९ च्या खाली आणतो. या कार्बोनेशनची सीमा सळईपर्यंत पोहोचली की संरक्षण संपते. ओल मिळाली की गंज सुरू. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असते, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो. छताचे पोपडे पडतात ते त्यामुळे.

ही अदृश्य सीमा पाहता येते, तीही शाळेच्या प्रयोगशाळेतल्या रसायनाने. नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारले की निरोगी भाग गडद गुलाबी होतो, कार्बनने खाल्लेला भाग तसाच राखाडी राहतो. गुलाबी रंग सळईच्या किती अलीकडे सुरू होतो, हे पट्टीने मोजायचे.

तपासणीचे आणखी एक साधन म्हणजे स्प्रिंगचा हातोडा. स्वित्झर्लंडच्या अर्न्स्ट श्मिट यांच्या नावाने ओळखला जाणारा हा रिबाउंड हॅमर काँक्रीटवर आपटतो आणि किती उसळला ते दाखवतो. कठीण पृष्ठभागावर उसळी जास्त. मात्र त्यावरून काढलेल्या ताकदीत २५ टक्क्यांची चूक इकडे किंवा तिकडे होऊ शकते, असे भारतीय मानकच सांगते. त्याहून मोठी गंमत अशी की कार्बोनेशनमुळे काँक्रीटची वरची कातडी अधिक कठीण होते. म्हणजे सळईचे संरक्षण संपत आलेल्या जुन्या खांबावर हातोडा जास्त उसळतो आणि इमारत खरी आहे त्याहून तगडी असल्याचे सांगतो! म्हणून जाणकार तपासनीस एका यंत्राची साक्ष दुसऱ्याकडून पडताळून घेतो: हातोड्याची फिनॉल्फ्थॅलीनकडून, लहरीची, गरज पडली तर, काँक्रीटचा गोल नमुना (कोअर) काढून.

या शहरात आणखी एक साक्षीदार जमिनीखाली आहे. कुठे फूटभर खाली मुरूम आणि काळा पाषाण लागतो, तर कुठे खोल काळी माती. या मातीतले मॉन्टमोरिलोनाइट खनिज पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते. पाया उथळ असेल तर घर दरवर्षी किंचित वरखाली होते, आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके तडे जातात. मे महिन्यात उघडलेला तडा ऑगस्टमध्ये मिटलेला दिसू शकतो. याउलट मे महिन्यात कोरडी दिसणारी गच्ची ऑगस्टमध्ये ठिबकते. म्हणून जमल्यास घर दोन्ही ऋतूंत पाहावे. तडा जिवंत आहे का, हे ओळखायला त्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवण्याची जुनी युक्ती आजही चालते. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे.

गुंठेवारीतल्या कितीतरी घरांना बांधकामाचा आराखडाच नसतो. २००१ च्या कायद्याने ती कागदावर नियमित करता येतात, पण स्लॅबमध्ये सळ्या किती आणि कुठे, हे त्या कागदात नसते. तिथे रीबार लोकेटर लागतो. तो गिलाव्यावरून फिरवला की चुंबकीय क्षेत्रातल्या बदलावरून आतल्या सळ्या शोधून देतो.

इंजिनिअर निवडताना कायदाही मदत करतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यावी लागते. घर तेवढे जुने नसले तरी नाव त्याच यादीतून निवडावे. नवा फ्लॅट असेल तर रेराच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत दाखवून दिलेला संरचनात्मक दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. म्हणजे चौथ्या वर्षी करून घेतलेली तपासणी मोठा खर्च वाचवू शकते.

एजंटने सुचवलेला किंवा दुरुस्तीचे कंत्राटही स्वतःच घेणारा माणूस टाळावा. दोष जितके जास्त सापडतील तितका कंत्राट घेणाऱ्याचा धंदा. विकणाऱ्यानेही आधीच अहवाल करून ठेवला तर शेवटच्या क्षणी भाव पाडून मागणाऱ्याला उत्तर देता येते.

आणि इसार देण्यापूर्वी इंजिनिअरला एक प्रश्न जरूर विचारावा: ‘तुमचा हातोडा कुठे फसतो?’ ‘फसत नाही’ म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा. फसण्याच्या जागा घडाघडा सांगणाऱ्याला घराची किल्ली द्यायला हरकत नाही.