परराज्यातील जुनी गाडी : आधी कागद, मग किल्ली

पुण्या-मुंबईच्या मानाने दिल्लीतील जुनी गाडी पुष्कळदा स्वस्त मिळते. याला कारणही आहे. १० वर्षांहून जुन्या डिझेल आणि १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांना दिल्ली परिसरात मनाई करणारा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. तेव्हापासून मुदत जवळ आलेल्या चांगल्या गाड्याही कमी किमतीत इतर राज्यांकडे निघाल्या. पण ही स्वस्ताई पदरात पाडून घेण्यापूर्वी थोडा हिशेब करायला हवा.

खर्च नुसत्या किमतीचा नसतो

गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवायची, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो आणि त्या राज्याचा रस्ता करही भरावा लागतो. आधीच्या राज्यात भरलेल्या करापैकी उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी अर्ज, पुरावे आणि चिकाटी लागते. हा कर, विमा, गाडी आणण्याचा खर्च आणि आरटीओच्या फेऱ्या किमतीत मिळवल्या, की कधीकधी गावातलीच गाडी परवडते.

मालक कोण?

कायद्याच्या दृष्टीने ज्याचे नाव आरसी बुकात, तो मालक. गाडी विकली, पैसे घेतले, पण नाव बदलले नाही, अशा प्रकरणात अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. म्हणून नाव बदलण्याची घाई जितकी घेणाऱ्याला, तितकीच विकणाऱ्यालाही असायला हवी. तो त्यासाठी टाळाटाळ करत असेल, तर तिथेच सावध व्हावे.

दुसऱ्या राज्यात गाडी न्यायची, तर मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. गाडीवर कर्ज असेल, तर ते फिटल्याचे बँकेचे पत्र घेऊन आरसीवरील बोजा आधी उतरवून घ्यावा. थकलेले दंड आणि विम्याची मुदत पाहावी. विम्यातील नो क्लेम बोनस विकणाऱ्याकडेच राहतो. तो गाडीबरोबर येत नाही. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा.

फोटोवर भुलू नये

फोटोत गाडी नेहमीच चकचकीत दिसते. स्वतः जाणे जमत नसेल, तर त्या शहरातील नातेवाइकाला ओळखीच्या मेकॅनिकसह पाठवावे. चॅसी व इंजिनाचे क्रमांक आरसीशी ताडून पाहावेत. इंजिन थंड असतानाच सुरू करावे. मालकाने ते आधीच गरम करून ठेवले असेल, तर थंडीतला खडखडाट लपतो. किलोमीटरचा आकडा सर्व्हिसिंगच्या जुन्या बिलांशी जुळतो का, तेही पाहावे.

२००५ साली मुंबईत आणि २०१५ साली चेन्नईत असंख्य गाड्या पुराच्या पाण्यात बुडाल्या. अशी गाडी धुऊन-पुसून विकायला आली, तर सहज ओळखू येत नाही. त्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आतल्या टोकाला चिखलाचा डाग राहतो. मॅटखालचा कुबट वास आणि स्टेपनीच्या खाचेतील गंजही खूप काही सांगतो.

पैसे सर्वांत शेवटी

'मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, गाडी पार्सलने पाठवतो, आधी थोडे पैसे भरा' असे सांगून फसवणारे भामटे ओळखपत्राचा फोटोही दाखवतात. गाडी आणि मूळ कागद आपल्या माणसाने डोळ्यांनी पाहिल्याशिवाय इसारही देऊ नये. रक्कम बँकेमार्फत, आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात भरावी. हस्तांतराच्या अर्जांवर सह्या झाल्यावर, ताब्याची तारीख व वेळ लिहिलेली पावती घ्यावी. त्या क्षणाआधीचा दंड कोणाचा आणि नंतरचा कोणाचा, हा वाद उरत नाही.

दूरचा विक्रेता भला माणूस असू शकतो, बहुधा असतोही. कागद मागितल्याने भल्या माणसाला राग येत नाही. ज्याला येतो, त्याची गाडी कितीही स्वस्त असली, तरी सोडून द्यावी.